दादा, एम.ए. करून काय होतं?

अंबाजोगाईत एका कॉलेजच्या फाटकासमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, स्पायरल, लॅमिनेशन. २००६ साली एक जुनं मशीन आणि एक कॉम्प्युटर घेऊन बसलो, तो अजून तिथंच आहे. मशीनं तेवढी चार बदलली.

जून-जुलै लागला की एकच प्रश्न दिवसातून दहादा कानावर येतो. पोरगं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल प्रिंट करायला लावतं, कागद गरम असतानाच हातात घेतं, मार्कांवरून नजर फिरवतं आणि विचारतं, "दादा, एम.ए. करू का? करून काय होतं?"

पूर्वी मी म्हणायचो, "कर की, घरी बसून तरी काय करणारेस?" खरं सांगायचं तर फॉर्ममागं मला पन्नास रुपये सुटायचे. आता तसं म्हणवत नाही, कारण दरम्यान मीच एम.ए. करून बसलोय. एकोणचाळिसाव्या वर्षी अॅडमिशन घेतलं, एक्केचाळिसाव्या वर्षी पास झालो, विषय इतिहास. त्यामुळं उत्तर लांबलंय आणि प्रिंट निघेपर्यंतच्या वेळात ते मावत नाही. म्हणून एकदाच इथं लिहून टाकतो.

आधी शब्दाचं. मराठीत आपण 'पदव्युत्तर' म्हणतो, म्हणजे पदवीच्या नंतरचं, बस्स. त्यातून काहीच कळत नाही. 'मास्टर' हा शब्द जास्त बोलका आहे. तो लॅटिनमधल्या 'मॅजिस्टर'वरून आलाय आणि मॅजिस्टर म्हणजे शिकवणारा. मध्ययुगात युरोपात पॅरिस-बोलोन्यासारखी विद्यापीठं उभी राहिली तेव्हा ही पदवी म्हणजे शिकवायचा परवाना होता. म्हणजे आपला 'मास्तर' आणि हा 'मास्टर' एकाच घरातले. गंमत म्हणजे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये आजही तिथल्या बी.ए. झालेल्या माणसाला काही वर्षं उलटली की वेगळी परीक्षा न देता एम.ए. मिळतं. हे मी दुकानात सांगितलं तर एक पोरगी म्हणाली, "मग आपल्याकडं कामून नाही तसं?"

आपल्याकडं म्हणजे मराठवाड्यात मुळात विद्यापीठ यायलाच १९५८ साल उजाडलं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, आणि विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८ चं, तेही उर्दू माध्यमाचं. शिकायचं तर हैदराबाद गाठा. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं आणि २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या वर्षांत इथं काय काय झालं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची पोरं तिकडं गेली. आम्ही बीडवाले संभाजीनगरकडंच राहिलो. ज्या बाबासाहेबांच्या नावाचं आमचं विद्यापीठ, त्यांच्याकडं स्वतःच्या मास्टर पदव्या दोन होत्या: १९१५ ची कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि १९२१ ची लंडनची एम.एस्सी. आमच्या वर्गात मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण हळूच म्हणाला, "आपली एकच होईना."

आता कामाचं. कला, वाणिज्य, विज्ञानाला तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षं, म्हणजे चार सत्रं. २०२३-२४ पासून आपल्याकडं पदव्युत्तरला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि मी नेमका त्याच पहिल्या बॅचमध्ये सापडलो. दोन वर्षांचे मिळून ८८ क्रेडिट, सत्राला २२. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तासांचं शिकवणं, असा हिशेब. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा पेपर सगळ्यांनाच. दुसऱ्यात बाहेर जाऊन करायचं काम, म्हणजे फील्ड प्रोजेक्ट किंवा एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष काम. तिसऱ्या-चौथ्यात आपला संशोधन प्रकल्प. पहिलं वर्ष करून थांबलात तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. चार वर्षांची ऑनर्स पदवी केली असेल तर मास्टर एका वर्षात होते.

प्रवेशाचं म्हणाल तर एम.ए., एम.कॉम.ला पदवीचे मार्क, ऑनलाइन नोंदणी आणि गुणवत्ता यादी. एमबीए-एमसीएला राज्याची सीईटी. एम.टेक.ला गेट, आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. नोकरी सोडता येत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. माझी मेहुणी दवाखान्यात नाइट ड्युटी करत करत मुक्त विद्यापीठातून एम.ए. करतेय आणि तिची पुस्तकं माझ्या नोट्सपेक्षा चांगली आहेत. बाहेरदेशी जाणारे आमच्याकडं कमी, पण आहेत. केजकडच्या एका पोराचे पदवीचे सगळे कागद स्कॅन करून मीच जर्मनीला पाठवले होते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवायची फी घेत नाहीत हे मला त्याच्याकडून कळलं. खोलीभाडं आणि जेवण मात्र फुकट नाही, आणि व्हिसाआधी वर्षभराचा खर्च बँकेत दाखवावा लागतो. त्यासाठी त्याच्या बापानं काय विकलं ते मी इथं लिहीत नाही. इंग्लंडात बहुतेक मास्टर्स एका वर्षात संपतात. आपली पोरं याला 'झटपट' म्हणतात, पण त्या वर्षाला सुट्टी म्हणून नसते.

कागदांची यादी मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचारा: टी.सी., सगळ्या सत्रांची गुणपत्रकं, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, दुसऱ्या विद्यापीठातून आलात तर मायग्रेशन, एबीसी आयडी म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा नंबर, मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं शपथपत्र. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी हे सरकारी पोर्टल, आणि तिथं आधारला जोडलेलं बँक खातं चालू आहे का ते आधी बघा; निम्मी रड तिथलीच असते. गॅपच्या शपथपत्राचा नमुना माझ्या कॉम्प्युटरमध्ये कधीचा पडलाय. 'कौटुंबिक अडचणीमुळे शिक्षण खंडित झाले,' असं त्यात छापलेलंच आहे, फक्त नाव आणि वर्ष बदलायचं. माझी वेळ आली तेव्हा नाव माझं टाकलं, वर्षं अठरा टाकली आणि खिडकीशी गेलो. खिडकीतले भाऊ रोज माझ्याकडं झेरॉक्सला येणारे. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला. "अठरा वर्षं काय करत होतात?"

"तुमच्यासमोरच बसलो होतो की."

अॅडमिशन का घेतलं याचं कारण सांगायला थोडी लाज वाटते. पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी लघुप्रबंध टाइप करून देतो. एम.ए.चे, एम.एड.चे, एमएसडब्ल्यूचे, बंद व्हायच्या आधी एम.फिल.चेही पुष्कळ केले. डावीकडं बाइंडिंगसाठी दीड इंच सोडायचं, ओळींमध्ये दीडपट अंतर, प्रकरण नव्या पानावर. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, घोषणापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, शेवटी संदर्भसूची. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. पोरं सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवतात? ऋणनिर्देशावर. आईबापाचं नाव आधी की मार्गदर्शकांचं, यावर दुकानात अर्धा-अर्धा तास चर्चा होते. एकीनं तर रडत रडत सांगितलं आणि मी टाइप केलं. बाकीचा प्रबंध तिनं पेन ड्राइव्हवर आणला होता.

एवढी वर्षं हे केल्यावर माझ्याकडं एक फाइल तयार झाली होती. नाव 'तयार मजकूर'. कुणाचं पान कमी पडलं, प्रकरण छोटं वाटलं की त्यातला उतारा मी घालून द्यायचो. आमच्या भागातल्या देवळांवर, बारवांवर म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर काही असलं की हा ठरलेला: 'आपल्या परिसरातील बहुतांश प्राचीन मंदिरे व बारवा या हेमाडपंती शैलीतील असून यादव काळात त्यांची निर्मिती झाली.' पुढं सहा ओळी आणि खाली एका पुस्तकाचा संदर्भ, पृष्ठ १४१. हा उतारा किती प्रबंधांत गेला ते मोजलं नव्हतं. कुणी कधी हटकलं नाही. सगळे पास झाले.

हळूहळू वाटायला लागलं, हे तर मलाही जमेल. सगळा सांगाडा पाठ, मजकूर तयार, बाइंडिंग घरचं. वर्ग सकाळी, दुकानाला खरी गर्दी अकरानंतर. बायको म्हणाली, "करा, पण फी माझ्या भिशीतून मागू नका." असं सगळं जुळून आलं.

वर्गात आम्ही तेवीसजण होतो. पहिल्या आठवड्यात सगळे मला 'दादा' म्हणायचे, दिवाळीपर्यंत 'काका' झालो. तेविसांतले नियमित येणारे नऊ-दहा. बाकीच्यांतले बरेच एमपीएससीचा अभ्यास करणारे. एमपीएससीला पदवी पुरते, एम.ए. लागत नाही, पण प्रवेश असला की वसतिगृह राहतं, शिष्यवृत्ती राहते, अभ्यासिकेत बसायला जागा मिळते आणि घरच्यांना सांगायला काहीतरी असतं. बाहेरचे लोक याला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. पोरगीनं बी.ए.नंतर घरी बसायचं म्हणजे काय, हे ठेवणाऱ्यांना माहीत नसतं. एम.ए.च्या दोन वर्षांनी आमच्या वर्गातल्या तिघींची लग्नं पुढं ढकलली, एवढं तरी मी डोळ्यांनी पाहिलं.

प्रकल्पाचा विषय मी आधीच ठरवून टाकला होता: आमच्या गावची बारव. गाव इथून बारा किलोमीटर, बारव आमच्या भावकीतल्या एकाच्या रानात. मजकूर तयार होताच. पहिलं प्रकरण आठ दिवसांत टाइप करून मॅडमकडं दिलं. मॅडम माझ्याहून चार वर्षांनी लहान, त्यांचेही कागद माझ्याच मशीनवर निघालेले. मला वाटलं, सही करून परत देतील.

परत आलं तेव्हा पान बारावर, हेमाडपंतीच्या उताऱ्याखाली लाल रेघ आणि समासात एकच शब्द: 'कशावरून?'

मी म्हटलं, "मॅडम, सगळेच तसं लिहितात."

"सगळे लिहितात म्हणूनच विचारतेय."

मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, "हेमाद्री, म्हणजे ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो, कोणाच्या दरबारात होता?" मी गप्प. "महादेव आणि रामचंद्र, देवगिरीचे यादव. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आता आपल्या गावातलं खोलेश्वराचं देऊळ घ्या. खोलेश्वर कोणाचा सेनापती?" हे मला येत होतं: सिंघणाचा. "सिंघण आधीचा की नंतरचा?" आधीचा. "मग हेमाद्रीच्या आधीच्या माणसाचं देऊळ हेमाडपंती कसं?"

त्या देवळावरून मी लहानपणापासून येतो-जातो. हा साधा हिशेब कधी डोक्यात आला नव्हता. चुना न घालता दगडावर दगड बसवलेलं काहीही दिसलं की आपण त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. तशी बांधणी हेमाद्रीच्या जन्माआधीपासून होत होती. गावातल्या म्हाताऱ्यांनी म्हटलं तर चालतं. मी ते प्रबंधात घालून पानामागं पैसे घेत होतो.

त्या संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन संदर्भाचं मूळ पुस्तक काढलं. पृष्ठ १४१ उघडलं. त्या पानावर सूची होती. हेमाडपंतीचा मजकूर होता पृष्ठ ११४ वर, आणि तोही वेगळंच सांगणारा. म्हणजे कधीतरी टाइप करताना माझ्या हातून आकडे उलटे पडले होते आणि तेव्हापासून जेवढ्या प्रबंधांत तो उतारा गेला तेवढ्यांत १४१ गेला. दुकानातल्या जुन्या फाइली काढून मोजलं. अकरा. अकरा जणांनी, त्यांच्या अकरा मार्गदर्शकांनी, तपासणाऱ्यांनी, कुणीही ते पान उघडून पाहिलं नव्हतं. आणि सगळ्यात आधी मी.

बी.ए. आणि एम.ए. यांत फरक काय, असं मला आता कुणी विचारलं तर मी त्या समासातल्या शब्दाकडं बोट दाखवीन. बी.ए.ला आम्ही पुस्तकात आहे ते लिहीत होतो, मार्क मिळत होते. इथं लिहिलेल्या प्रत्येक ओळीला ती बाई विचारत होती की तुम्हाला हे कळलं कुठून. वर्षभर हा शब्द माझ्या डोक्यात बसला. घरी बायको म्हणाली, भाजीवाल्यानं लुबाडलं, तर तोंडून निघालं, "कशावरून?" दोन दिवस अबोला.

मग खरं काम सुरू झालं. मे महिन्यात टेप, वही आणि पुतण्याला घेऊन बारवेत उतरलो. वरून पाण्यापर्यंत पायऱ्या त्रेचाळीस. ऑक्टोबरात परत गेलो तर एकतीसच दिसत होत्या, बाकीच्या पाण्याखाली. तळाशी गाळ, त्याखाली आणखी किती ते देवच जाणे. आतल्या तोंडाला समोरासमोर दोन देवळ्या, एकीत शेंदूर फासलेला दगड, दुसरी रिकामी. रिकामीत पारव्यांची अंडी. खालच्या थरांत दगड नुसते एकमेकांवर बसवलेले, फटीत सुरीचं पातं जाईना. वरच्या तीन थरांत मात्र चुना आणि चपट्या विटा. आणि अगदी वर काठाला सिमेंट. मी वहीत लिहिलं: तीन काळांचं काम. आणि लगेच कानात मॅडम: कशावरून?

सिमेंटचं उत्तर गावातच मिळालं. आमच्या गल्लीतली एक म्हातारी, तिला सगळे मोठी माय म्हणतात. तिला विचारलं तर म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात आमी गाळ काढला नव्हं. सुकडी खायची आन टोपली उचलायची. तवाच वरचं बांधलं सरकारनं." मी खूश होऊन तसं लिहून आणलं. मॅडम म्हणाल्या, "मुलाखत कधी घेतली, कुठं, त्यांचं वय काय?" परत गेलो. वय विचारल्यावर माय हसली. "मला काय ठावं? बाहत्तरला दोन लेकरं होती, धाकटं मांडीवर." मॅडमनी सांगितलं, असंच्या असं लिहा. त्यांचे शब्द त्यांचे म्हणून आणि तुमचा अंदाज तुमचा म्हणून, दोन्ही वेगळं. मला हे फार आवडलं. प्रबंधातलं माझं सगळ्यात आवडतं पान तेच आहे, मांडीवरच्या लेकरासकट.

चुन्या-विटांच्या थराचं जमलं नाही. तहसीलमध्ये १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना कागद, पाहिलं. त्यात तालुक्याचं नाव 'मोमिनाबाद' बघून पुतण्याला वाटलं आपण चुकीच्या गावाचा कागद काढला. अंबाजोगाईचं तेव्हाचं नाव तेच होतं. शेतमालकाच्या पेटीत त्याच्याही आधीचा एक उर्दू कागद निघाला. तो घेऊन उर्दू शाळेतल्या निवृत्त गुरुजींकडं गेलो. त्यांनी तो उन्हात धरून दोनदा वाचला आणि सांगितलं, "यात रान आहे, विहीर आहे, महसूल आहे. बांधली कधी ते नाही." चहा पाजला आणि वर म्हणाले, "कागदाला जे विचारलं होतं तेवढंच तो सांगतो, बेटा." एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला बेटा म्हणणारे आता कमीच राहिलेत.

शेवटी बहात्तर पानं झाली. त्यात तयार मजकुरातलं एकही वाक्य नव्हतं, टाइप मीच केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा टायपिंगचा वेग मिनिटाला तीन शब्दांवर आला. निष्कर्षात लिहिलं की खालची बांधणी बिनचुन्याची आहे आणि यादवकाळातल्या बांधकामाशी जुळते, पण शिलालेख किंवा कागदाचा पुरावा नसल्यानं निश्चित साल सांगता येत नाही. आईनं विचारलं, "काय निघालं मग?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोन वर्षं घातली आन सांगता येत नाही म्हनायला व्हय?"

तोंडीला बाहेरून एक सर आले होते. माझी पाळी जेवणानंतरची. त्यांनी प्रबंध चाळला, मोठ्या मायच्या पानावर थोडे थांबले आणि एवढंच विचारलं, "पायऱ्या किती?"

"मे महिन्यात त्रेचाळीस दिसल्या, ऑक्टोबरात एकतीस. गाळाखाली किती ते मोजता आलं नाही."

"हं," म्हणाले आणि चहा ओढला. झालं. मी रात्रभर हेमाद्रीची सनावळी पाठ केली होती, ती तशीच घरी घेऊन आलो.

आता मूळ प्रश्न, करून काय होतं. नोकरीचं विचारत असाल तर नुसत्या एम.ए.नं प्राध्यापक होता येत नाही. त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटला बसायला मास्टरला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ५०. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. वरच्या नंबरात आलात तर जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना महिन्याला ३७,००० रुपये. आमच्या वर्गातल्या एकीचं ते थोडक्यात हुकलं, ती परत बसतेय आणि तिला ते मिळेल असं मला वाटतं. पण नेट-सेट झालेलेही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढतात. माझ्या दुकानात अर्जांच्या प्रती काढणाऱ्यांत असे सर-मॅडम भरपूर आहेत. दरवर्षी तोच अर्ज, फक्त तारीख बदलते. त्यांच्याकडून मी प्रतीचा रुपया घेत नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिलंच आहे तर राहू दे.

म्हणून पोरांना मी आता उलट विचारतो: तुला कोणत्या गोष्टीवर दोन वर्षं घालवाविशी वाटतात? काहीजण लगेच सांगतात. एकानं सांगितलं, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागं राहिलेल्या लेकरांची शाळा. त्याचा फॉर्म मी फुकट भरला. बऱ्याचजणांना काहीच सुचत नाही, तर त्यांना म्हणतो, मुक्त विद्यापीठातून कर आणि सोबत काहीतरी कामधंदा बघ. काहीजण रागावून समोरच्या दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत. तयार मजकूर विचारणारेही येतात. ती फाइल आता नाही म्हटलं की त्यांना खोटं वाटतं. बरोबरच आहे, कशावरून?

प्रबंधाच्या मी पाच प्रती काढल्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, बाइंडिंगवाल्यानं गावाच्या नावातली वेलांटी चुकवली ती तशीच आहे. एक कॉलेजला, एक मॅडमना, एक घरी, एक मोठ्या मायला. तिला वाचता येत नाही, पण तिचा फोटो आहे त्या पानाला तिनं हळदीकुंकू लावलं. पाचवी शेतमालकाला द्यायला गेलो. त्यानं दोन्ही हातांनी घेतली, नकाशाचं पान उघडलं, टेपनं मोजलेले आकडे बोटानं वाचले. त्याचं आणि चुलतभावाचं त्या बारवेच्या बांधावरून कोर्टात चालू आहे, हे मला तेव्हा कळलं.

"यात हद्द लिहिलीय ना?" त्यानं विचारलं.

"हद्द नाही आण्णा, लांबी-रुंदी आहे."

"तेच की. आन तू आता एम.ए. झालास ना?" त्यानं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "मग हितं खाली सही कर आन तुझ्या दुकानाचा शिक्का मार."